बादलीतला वाफसा



धुके म्हटले की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडतात. आंबा मोहरावर असताना धुके उतरले की बागाईतदाराला रात्री झोप येत नाही. नाशिक-सांगलीकडचा द्राक्षवाला तर पहाटे उठून आधी आभाळाकडे पाहतो आणि मग चहाकडे. कारण धुक्यामागोमाग केवडा येतो, भुरी येते आणि फवारणीचा खर्च येतो. असे असताना धुके मुद्दाम तयार करा, आणि तेही घरात, एका झाकणाच्या बादलीत, असे मी आज तुम्हाला सांगणार आहे. कोणी म्हणेल, गुरुजींचे वय झाले. पण जरा थांबा. पानावर बसणारे धुके वेगळे आणि मुळाला मिळणारे धुके वेगळे.

वाफसा हा शब्द मी तुम्हाला शिकवायला नको. पाऊस पडून गेल्यावर लगेच कोणी कुळव धरत नाही. दोन दिवस थांबायचे, काळ्या रानात चार दिवस थांबायचे. मूठभर माती हातात घेऊन दाबायची आणि मूठ उघडली की ती मोकळी झाली पाहिजे. चिखलही नाही आणि धूळही नाही, अशी जी जमिनीची मधली अवस्था, तो वाफसा. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा आहे आणि कणांमधल्या पोकळीत हवा आहे. मुळाला दोन्ही लागतात. पाणी लागते हे सगळ्यांना ठाऊक असते. हवा लागते हे शेतात पाणी तुंबून पीक पिवळे पडते तेव्हा कळते. पाण्यात उभे राहून पीक सुकते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मूळही श्वास घेते, बरं का!

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी दोन आकडे सांगतो. 25 अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू विरघळून मावतो तो फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास. आणि एक लिटर साध्या हवेत? सुमारे 270 मिलिग्रॅम. म्हणजे तीस पटींहून जास्त. शिवाय पाणी जितके तापेल तितका त्यातला प्राणवायू कमी होतो. त्यामुळे रोप नुसते पाण्यात उभे केले तर त्याला तहान लागत नाही, पण त्याचा जीव गुदमरतो. उलट मूळ हवेत लोंबत ठेवले तर श्वास मिळतो, पण ते तासाभरात वाळते. या दोहोंमधली वाट म्हणजे धुके. हवाच, पण पाण्याच्या बारीक कणांनी भरलेली. माती नाही, पण वाफसा आहे. तोही बारा महिने.

मातीवाचून रोप वाढवण्याची कल्पना काही आजची नाही. 1699 साली इंग्लंडात जॉन वुडवर्ड नावाच्या गृहस्थाने पुदिन्याच्या जातीची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा बागेची माती कालवलेल्या पाण्यात ती जोमाने वाढली. म्हणजे नुसत्या पाण्यावर भागत नाही, मातीतून पाण्यात काहीतरी उतरते, एवढे त्यांना उमगले. ते 'काहीतरी' कोणते, हे ठरायला पुढे दीडशेहून अधिक वर्षे गेली. 1860 च्या सुमारास जर्मनीत ज्युलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नोप यांनी मोजून घेतलेल्या क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून दाखवली. मग 1930 च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम गेरिके यांनी टाक्यांमध्ये टोमॅटोची उंच झाडे वाढवली, आणि 1937 साली या पद्धतीला 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव छापून आले. आपल्या देशातही हे फार लवकर आले. 1946 साली दार्जिलिंगजवळच्या कालिंपाँगला शोल्टो डग्लस यांनी गरिबाला परवडेल अशा साध्या साधनांनी मातीविना शेतीचे प्रयोग सुरू केले, आणि त्यांचे 'बेंगॉल सिस्टिम' या नावाचे पुस्तक 1951 साली निघाले. मुळे हवेत लोंबती ठेवून त्यांच्यावर फवारा मारण्याच्या पद्धतीला 'एरोपॉनिक्स' हे नाव 1957 साली फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने याच पद्धतीने बटाट्याचे रोगमुक्त बेणे तयार करण्याचे तंत्र बसवले आहे. फवाऱ्याच्या जागी धुके आणले, की ती आपली आजची बादली.

आता हे धुके कसे करायचे? चुलीवर आधण ठेवून नव्हे. आधणाची वाफ मुळे भाजून काढील आणि पाण्यातले क्षार पातेल्यातच ठेवून येईल. आपल्याला थंड धुके हवे, आणि त्यात खतही हवे.

त्यासाठी बाजारात एक लहानसे यंत्र मिळते. दुकानदार त्याला 'मिस्ट मेकर' किंवा 'फॉगर' म्हणतात. शोभेच्या कारंज्यातून धूर निघाल्यासारखा दिसतो ना, तो याच यंत्राचा. त्याच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढी एक चकती असते. या चकतीचा गुण मोठा विलक्षण. 1880 साली फ्रान्समध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांना असे आढळले की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते. उलटही खरे असते: वीज दिली की स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. या चकतीला अशी उलटसुलट वीज देतात की ती सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा थरथरते. आपल्या कानाला वीस हजारांच्या पलीकडचे ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला आवाज येत नाही. पण तिच्यावरच्या पाण्याला तो हादरा बसतो, पाण्याचा पृष्ठभाग बारीक लाटांनी शहारतो आणि त्या लाटांच्या टोकांवरून कण सुटतात. 1927 साली वुड आणि लूमिस या दोघा अमेरिकनांनी हा चमत्कार प्रथम नोंदवला.

हे कण तीन ते पाच मायक्रॉनांचे असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मुळावरचे केस, ज्यांनी मूळ पाणी शोषते, ते सुमारे दहा मायक्रॉन जाड. म्हणजे कण त्या केसापेक्षाही बारीक! वर्गात गणित घालायचे असेल तर असे घाला: तासाला 400 मिलिलिटर पाण्याचे धुके होते आणि कण चार मायक्रॉन व्यासाचा आहे, तर तासाला कण किती? उत्तर येते सुमारे बारा लाख कोटी. मुलांना शून्ये मोजताना मजा येते.

धुक्यातून खत खरोखरच जाते का, अशी शंका कुणी काढली तर पाटी घ्या. जुनी काळी दगडी पाटी. बादलीत मिठाचे पाणी घालून यंत्र चालू करा, धुक्यात पाटी धरा आणि मग सावलीत वाळू द्या. पाटीवर पांढुरकी साय धरलेली दिसेल. आधणातल्या मिठाच्या पाण्याच्या वाफेवर दुसरी पाटी धरा. ती वाळल्यावर काळीच राहील. शंभर शब्दांनी जे समजत नाही ते या दोन पाट्यांनी समजते. प्रयोग झाल्यावर यंत्र साध्या पाण्यात धुवून ठेवा.

आता बादलीकडे वळू. माणदेशातल्या आमच्या गावी मी शाळेत विज्ञान शिकवत असताना पहिली बादली केली, ती मिठाईवाल्याकडून आणलेली दह्याची. पंधरा लिटरची, घट्ट झाकणाची. तशीच घ्या. रंगाचा किंवा औषधाचा डबा कितीही धुतला तरी घेऊ नका. शेवटी भाजी खायची आहे. ती पांढरी असेल तर बाहेरून काळा रंग द्या आणि त्यावर चुन्याचा पांढरा हात फिरवा. काळा यासाठी की आत उजेड गेला तर शेवाळ माजते. पांढरा यासाठी की बादली तापू नये. झाकणावर दोन इंची पाच भोके कडेकडेने पाडा. त्यांत प्लॅस्टिकचे चहाचे कप बसतील; कपांच्या तळाला तापल्या खिळ्याने आठ-दहा छिद्रे पाडा. कपात स्पंजचा तुकडा, त्याला चीर, चिरेत बी. नारळाचा भुसा वापरू नका. त्याचे कण खाली गळतात आणि चकतीवर जाऊन बसतात. आणखी एक वाटाण्याएवढे भोक हवेसाठी ठेवा. बादली एवढी लहान असेल तर पंख्याची गरज नाही. थंड धुके जड असते, ते आपोआप आत भरून राहते. लांब पेटी केलीत तर मात्र संगणकातला लहान पंखा लावावा लागतो.

तळाशी चार लिटर द्रावण घाला. आमच्या बादलीत ते चार बोटे येते. यंत्र त्यात पालथ्या थर्मोकोलच्या कड्यात तरंगते ठेवा, म्हणजे पाणी कमी झाले तरी चकतीवरचे पाणी दोन-तीन सेंटिमीटरच राहील. जास्त खोल गेली तर धुके निघत नाही. उघडी पडून चालली तर चकती तडकते. चांगल्या यंत्राला पाणी संपले की आपोआप बंद होण्याची सोय असते. तीच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी.

इथे मला माझी पहिली फजिती सांगितली पाहिजे. ती सांगितल्यावाचून ही रचना तुम्हाला पटायची नाही.

आमची पहिली बादली फार देखणी झाली होती. पालकाची पाच रोपे, पंधरा दिवसांची. झाकण उचलले की खाली पांढरीशुभ्र मुळे, त्यांच्यावर मखमलीसारखे केस आणि भोवती धुके. मुले मधल्या सुट्टीत रांग लावून पाहायला येत. धुक्यातली मुळे फार केसाळ होतात, पाण्यात वाढलेल्या मुळांना एवढे केस नसतात. मी ते मोठ्या अभिमानाने सांगत असे. दिवाळीच्या सुट्टीत बादली शाळेतच ठेवली. शिपाईदादा रोज पाहून येत होते. एके दिवशी दुपारी वीज गेली. पावसाचे चार थेंब आणि वारा, आपल्याकडे एवढे कारण पुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली, धुकेही आले, पण पाचही रोपे कपाच्या काठावर माना टाकून पडली होती. दोन दिवस वाट पाहिली. उठली नाहीत.

सुट्टी संपल्यावर मी ती मुलांना दाखवली. लपवण्यात अर्थ नव्हता. आठवीतली एक मुलगी बादलीत वाकून पाहत होती. ती म्हणाली, "गुरुजी, खाली चार बोटं पाणी आहे की. मुळांना पाणी समोर दिसत होतं, तरी ती तहानेनं मेली?"

मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. मुळे आणि पाणी यांत वीतभर अंतर होते, आणि ते अंतर भरून काढायला माझ्या रचनेत विजेखेरीज दुसरे कोणी नव्हते. शहरातल्या पुस्तकात बॅटरीची सोय सांगितलेली असते. आपल्याकडे एकेकदा वीज आठ-आठ तास येत नाही, तिथे बॅटरीही हात टेकते. आणि तिची किंमत सगळ्या बादलीपेक्षा जास्त.

उपाय सापडला तो देवघरात. समईची वात! तेल खाली असते आणि ज्योत वर, मधले काम सूत करते. तेव्हापासून आम्ही प्रत्येक स्पंजाखालून सुती नाडीचा एक तुकडा खाली द्रावणात सोडतो. नवी नाडी आधी गरम पाण्यात उकळून घ्यायची, म्हणजे तिची खळ निघते आणि ती पाणी ओढू लागते. वीज असेपर्यंत धुके काम करते. वीज गेली की नाडी. नाडीवर रोप जोमाने वाढत नाही, पण मरत नाही. पुढे तीन आठवड्यांत मुळेच लांब होऊन द्रावणाला टेकतात. ती टेकू द्या. काही जण ती कात्रीने छाटतात, का ते मला कधी कळले नाही. मुळाचा खालचा भाग पाण्यात आणि वरचा धुक्यात, ही सर्वांत निर्धास्त स्थिती.

दुसरी गोष्ट उष्णतेची. यंत्र चोवीस वॉटचे असते आणि त्यातली बरीचशी वीज पाणी तापवण्यातच जाते. चार लिटर पाण्याला चोवीस वॉट सतत मिळाले आणि उष्णता कुठेच गेली नाही असे धरले, तर पाणी तासाला जवळजवळ पाच अंशांनी तापते. हिशेब करून पाहा. प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेर जाते, तरी एप्रिलमध्ये आमचे द्रावण 34 अंशांवर गेले होते. मुळे तपकिरी पडली, बोटाला बुळबुळीत लागू लागली आणि वास मारू लागला. तो मूळकुजीचा रोग; ऊन पाण्यात प्राणवायू कमी आणि बुरशी जास्त. म्हणून यंत्र सतत चालवू नका. खिट्ट्यांचे घड्याळ मिळते, पंधरा-पंधरा मिनिटांच्या खिट्ट्यांचे. तासात एक खिट्टी चालू आणि तीन बंद, असे लावा. झाकण बंद असल्याने मधल्या पाऊण तासात आतली ओल जात नाही. आणि उन्हाळ्यात बादली परातीत ठेवून तिला ओले गोणपाट गुंडाळा. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हेही होते, आणि आपल्या घाटमाथ्यावरच्या कोरड्या हवेत चांगले होते. कोकणातल्या दमट हवेत याचा तेवढा उपयोग नाही. 28 अंशांच्या आत राहिले तर ठीक. तरीही माझे मत विचाराल तर दसऱ्यापासून होळीपर्यंत बादली चालवावी आणि उन्हाळ्यात पालथी घालून ठेवावी.

आता खत. इथे बरीच माणसे चुकतात. घरातला युरिया चिमूटभर टाकला की झाले, असे नव्हे. युरियाचे रूपांतर करायला मातीतले जिवाणू लागतात. ते बादलीत नसतात. सेंद्रिय काढा किंवा जीवामृत शेतात उत्तम, पण इथे ते चकतीचा गळा घोटते. इथे पूर्ण विरघळणारी खतेच हवीत. सुदैवाने ठिबकवाल्यांमुळे ती आज तालुक्याच्या दुकानात मिळतात, आणि द्राक्षवाल्यांना त्यांची नावे घरच्या माणसांसारखी पाठ असतात. दोन बाटल्या करायच्या. 'अ' बाटलीत एक लिटर पाण्यात 100 ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि साडेतीन ग्रॅम बारा टक्क्यांचे लोह, ईडीटीए जातीचे. 'ब' बाटलीत एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम तेरा-शून्य-पंचेचाळीस, 26 ग्रॅम शून्य-बावन्न-चौतीस, 50 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन ग्रॅम सूक्ष्म अन्नद्रव्यांचे चिलेटेड मिश्रण. वजन सोनाराच्या काट्यावर करा, किराणा दुकानाच्या नव्हे. मग बादलीतल्या पाण्याला लिटरमागे औषधाचा एक चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, 'अ'मधला आणि एक 'ब'मधला. चार लिटरला चार आणि चार. रोपे अगदी कोवळी असताना याच्या निम्मे.

दोन बाटल्या कशाला, एकीतच सगळे का नको? करून पाहा. घट्ट 'अ' आणि घट्ट 'ब' काचेच्या पेल्यात एकत्र ओतले की पाणी दुधाळ होते. कॅल्शियम आणि सल्फेट यांची जोडी जमून जिप्सम होतो, कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचाही न विरघळणारा क्षार होतो. खत तळाशी जाऊन बसले, रोपाला काय मिळाले? बादलीत मात्र पाणी भरपूर असल्याने ते भांडण होत नाही.

पाणी शक्यतो पावसाचे. पहिले दोन पाऊस वाहू द्यावे, मग पत्र्याखाली पिंप ठेवावे. आमच्या विहिरीचे पाणी जड. ते वापरले तर दहाव्या दिवशी चकतीवर पांढरे कवच बसले आणि धुके बंद. यंत्र बिघडले म्हणून मी दुकानदाराशी भांडून आलो होतो, तेही सांगून टाकतो. नंतर लिंबाच्या रसाचा बोळा अर्धा तास त्या चकतीवर ठेवला, मऊ फडक्याने पुसली आणि ती पूर्ववत चालू लागली. दर आठवड्याला हे करावे. खरवडू मात्र नये. द्रावणाची आम्लता सामूच्या कागदाने पाहावी. साडेपाच ते साडेसहा असली म्हणजे लोह रोपाला मिळते. दोन आठवड्यांनी द्रावण सगळे बदलावे, कारण पाणी उडते आणि क्षार मागे राहून घट्ट होतात. जुने द्रावण फेकू नका, कढीलिंबाला घाला.

जपायच्या गोष्टी दोन-तीन. झाकण उचलण्यापूर्वी बटण बंद करा. चालू चकतीला बोट लावू नका, भाजल्यासारखी झोंबते. ते धुके हुंगू नका आणि मुलांना हुंगू देऊ नका. त्यात क्षार असतात, साचल्या पाण्यातले जंतूही असू शकतात, आणि एवढे बारीक कण थेट छातीत जातात. विजेचा डबा, ज्याला अडॅप्टर म्हणतात, तो बादलीपेक्षा उंच भिंतीवर खिळ्याला टांगा, आणि तार तिथून खाली येऊन मग बादलीकडे वर जाईल अशी ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळलेले पाणी खालच्या वळणावरच गळून पडेल.

खर्च किती? आमचा झाला तो सांगतो: यंत्र साडेसहाशे, खिट्ट्यांचे घड्याळ साडेतीनशे, वीस वॉटचा एलईडी दिवा अडीचशे, बादली पन्नास, कप-स्पंज-नाडी मिळून शंभर. एकूण 1400 रुपये. खते एका बागाईतदाराने पुडीत बांधून दिली. पूर्वेच्या खिडकीत चार-पाच तास ऊन येत असेल तर दिवा वगळा. विजेचे म्हणाल तर यंत्र दिवसाला सहा तास आणि दिवा बारा तास चालला तर महिन्याला साडेअकरा युनिट पडतात. ते आपल्या बिलातल्या दराने गुणा.

आणि त्यात मिळते काय? पाच कपांत पाचसहा आठवड्यांनी पालकाच्या दोन जुड्या. बाजारात दोन जुड्यांना जे पडते ते तुम्ही जाणता. म्हणून कोणी तुम्हाला सांगत आला की धुक्याच्या शेतीत लाख घाला आणि पाच लाख काढा, तर त्याला चहा द्या आणि वाटेला लावा. टोमॅटो, मिरची, वांगी या मोठ्या पिकांची भूक एवढ्याशा धुक्याने भागत नाही. ज्याच्याकडे रान आहे त्याने भाजी रानातच करावी. शहरात एका खोलीत राहणाऱ्या तुमच्या मुलाला चार पाने पुदिना, कोथिंबीर, मेथी ताजी खायची असेल तर गोष्ट वेगळी. आणि एक काम या बादलीत खरोखर नामी होते, ते कलमे रुजवण्याचे. पुदिना, तुळस यांच्या फांद्या टोकाची पाने ठेवून कपात खोचा, बादलीत साधे पाणी ठेवा. मुळे फुटतात ती डोळ्यांदेखत, आणि फांदी कुजण्याचे प्रमाण ओल्या मातीपेक्षा कमी, असा माझा अनुभव आहे. गुलाबाला वेळ लागतो, पण त्यालाही फुटतात.

शाळेसाठी मात्र या बादलीची किंमत पैशांत करू नये. मातीत मूळ दिसत नाही, उपटले की तुटते. इथे सातवी-आठवीचे मूल रोज झाकण उचलून, पट्टी लावून मूळ किती वाढले ते वहीत लिहू शकते. जमले तर दोन बादल्या करा. एकीत 'अ' आणि 'ब' दोन्ही, दुसरीत नुसते 'ब'. दुसरीतली कोवळी पाने पांढुरकी पिवळी पडतील, शेंडे करपतील. लोह आणि कॅल्शियम यांची उणीव झाडाच्या नव्या पानांवर आधी दिसते. पुढे तीच मुले रानात गेली की पिवळे पान पाहून 'पाणी कमी पडलं' एवढ्यावर थांबणार नाहीत.

त्या आठवीतल्या मुलीने पुढच्या वर्षी स्वतःची एक बादली केली, यंत्राशिवाय, नुसत्या नाड्यांवर. ती आणि आमची धुक्याची बादली शेजारी शेजारी ठेवली होती. महिन्याने पालक कापून तोलला तेव्हा धुक्याचा पालक तिच्यापेक्षा अर्ध्याने जास्त भरला. ती म्हणाली, "पण माझ्या बादलीला वीज लागत नाही." दोन्ही आकडे वहीत लिहिले, आणि खाली विजेचे युनिटही.

सुरुवात मेथीने करा. ती चौथ्या दिवशी मूळ दाखवते. बी रात्री भिजत घाला, सकाळी ओल्या फडक्यात बांधा, मोड आला की स्पंजाच्या चिरेत मोड खाली करून ठेवा. पहिले पाच दिवस बादलीत नुसते पाणी, पाने दोन झाली की निम्मे खत. आणि नाडी उकळायला विसरू नका.